चिंचेने घासलेलं नाणं

आमच्या सासूबाई दर सोमवारी चिंच भिजत घालतात आणि देव्हाऱ्यातलं पितळ घासून लख्ख करतात. सासरे गेल्यावर माझ्या दिराने हौसेने त्यांचा चेहरा कोरलेलं पितळी नाणं करून आणलं, वर सोन्याचं प्लेटिंग केलेलं. तेही घासायच्या! "आई, सोनं निघेल हो," म्हणून मी घसा फोडला. ऐकतील तर शपथ. सोनं गेलंच. खालचं पितळ काळं पडायला लागलं, की ह्या आणखी जोरात घासणार.

"दुसरं करू," दीर म्हणाला. "दुसरं नको. हेच हवं," म्हणून त्या रडायलाच लागल्या.

मग काय, आमच्या हेंद्रेपाड्यातून धुसफुसत मीच गेले उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये. प्लेटिंगवाल्या सिंधी काकांनी नाणं निरखलं. "बेटा, इसको बफ मारेगा ना, तो साहेब का नाक जायेगा." बफ म्हणजे पॉलिशचं गरगर फिरणारं चाक.

त्यांनी बफ मारलाच नाही. नाणं अॅसिडात बुडवून धुतलं, तांब्याच्या तारेला लटकवलं आणि निकेलच्या हिरव्या पाण्यात सोडलं. बाहेर आलं ते पांढरंशुभ्र. डोळ्यांपाशीच्या सुरकुत्या, भुवईवरची जुनी खूण, सगळं जागच्या जागी! "अगं बाई!" मी मोठ्यानेच म्हटलं. पाण्यातला धातू आपला आपण त्यांच्या रेघन् रेघेवर जाऊन बसला होता. मी चक्क हात जोडले. काका हसले. म्हणाले, वरचं सोनं रंगापुरतं, खरी राखण खालचं निकेल करतं. आता पितळ काळं पडणार नाही. "बस, इमली मत लगाना. कभी कभी नरम कपडे से पोंछो, हो गया." मग दुसऱ्या टाकीत माझ्या डोळ्यांदेखत सासरे पुन्हा सोन्याचे झाले.

घरी सासूबाईंनी नाणं खिडकीपाशी नेलं, नाकावरून बोट फिरवलं. "आता काळे नाही ना पडणार हे?"

"मुळीच नाही. घासायचीसुद्धा गरज नाही," मी ऐटीत सांगितलं.

त्यांचं बोट नाकावरच थांबलं. मग म्हणाल्या, "हे अंबरनाथच्या कंपनीतून काळेकुट्ट होऊन यायचे. पाठ मीच घासून द्यायचे. आता काहीच करायचं नाही म्हणतेस. मग मी ह्यांचं करू तरी काय?"

माझा सगळा तोरा उतरला. "रोज पुसायला सांगितलंय काकांनी," मी धडधडीत खोटं बोलले, आणि अंगावरच्या सुती ओढणीचा कोपरा टर्रकन फाडून त्यांच्या हातात दिला.