यासीनची काठी

यासीन गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणंदच्या बाजारात कांदे निवडत होतो. हातातला कांदा हातातच राहिला... आणि खोटं कशाला बोलू, पहिला विचार असा आला की आता पाटणकडच्या वाडीतली माणसं आमच्या वीजघराचं काहीही मलाच विचारतील. लाज वाटली, पण विचार आला तो आलाच.

सांगलीत आम्ही एका बाकावर शिकलो. पुढं ओढ्या-नद्यांवर छोटी वीजघरं कुठं बसतील याचे आराखडे करत जोडीनं दोन जिल्हे पालथे घातले. शिकताना पहिला नंबर कायम माझा, पण लोक जायचे त्याच्यापाशी. पोटात दुखायचं माझ्या! खिशात लिंबू आणि हातात खुणा केलेली बांबूची काठी, एवढंच त्याचं सामान. काठीनं खोली बघायची, लिंबू धारेत सोडून पाण्याचा वेग बघायचा, मग धुणं धुणाऱ्या बायकांत जाऊन बसायचं.

"आवं मावशी, वैशाखात पाणी कुठवर ऱ्हातंय?"

"त्या काळ्या दगडापातूर. कवाच आटलं न्हाई बघ."

वाडीच्या त्या ओढ्याचं गणित मी पावसाच्या जुन्या नोंदींवरून मांडलं होतं. उन्हाळ्यात पाणी पुरणार नाही, जागा सोडा. यासीननं मावशीचा काळा दगड खरा धरला. वर सगळ्यांदेखत म्हणाला, "गड्या, तुझं पाणी लय हुशार हाय, पण नुसतं कागदावरनं वाहतंय." सगळे हसले. त्या रागात मी त्याला न सांगता साहेबांकडं 'जागा अयोग्य' असा शेरा धाडला. दोन उन्हाळे पाणी टिकलेलं दिसेपर्यंत काम अडलं. त्याला कळलं असणारच... कधी बोलला नाही. उलट वीजघर सुरू झालं त्या दिवशी कळ दाबायला मलाच पुढं ढकललं. तेही मला सोसलं नाही. एवढं मोठं मन कशाला लागतं माणसाला?

मागच्या आठवड्यात माधवनगरला यासीनच्या घरी, भाभींना भेटायला गेलो. दाराआडची त्याची काठी त्यांनी माझ्या हातात दिली. "म्हणायचे, ही त्यालाच द्या. त्याच्याइतकं नीट मोजणारं कुणी नाही." मी चहा न घेताच उठलो.

भर वैशाखात काठी घेऊन त्या ओढ्यावर गेलो, वीजघराच्या बंधाऱ्याच्या बरंच वर. म्हटलं, एकदा तरी चुकला असेल गडी. पाणी काळ्या दगडाला लागून होतं. काठी टाकली, लिंबू सोडलं. पुन्हा मोजलं. तेवढंच.

काठावरची म्हातारी म्हणाली, "आवं, यासीनभाऊ न्हाई आलं व्हय आज?"

"तो गेला, मावशी. पाणी मात्र त्याचंच बरोबर निघालं."

हे त्याच्या तोंडावर म्हणायला माझ्याकडं तीस वर्षं होती.