उंच बैल, बुटका बैल
उसाचं वाळलं पाचट जळाल्याचा वास आला की मला ती सकाळ आठवते. शेजारच्या रानात पाचट पेटलं होतं आणि पुण्याहून आलेली नात ओसरीवर तिचं आवडतं गाणं ऐकत होती. गाणं लांबलचक, ताल सारखा बदलणारा. मुलगा तिच्यावर खेकसला, "असलंच वाजवायचं असंल तर ड्रमचा क्लास बंद!" पोरीचं तोंड उतरलं. मी म्हणाले, "ऱ्हाऊ दे रे. माझ्या बापाच्या उसाच्या गाडीला एक बैल उंच, एक बुटका. पावलं लहानमोठी पडायची, म्हणून त्यांची घुंगरं अशीच जुळायची अन् सुटायची. त्यातच मी लहानाची मोठी झाले. मला हे लई आवडलं." "बैल फी मागत न्हवते, आई," म्हणत तो हसला आणि क्लास चालू राहिला. आता नात नवी गाणी पाठवते. निम्मी मला आवडत नाहीत, तसं सांगते. तरी ती पाठवतेच.