आईनं ओळखलेली होडी

इतकी वर्षं खाकीत काढली, कितीतरी चोऱ्या-मारामाऱ्या विसरून गेलो. पण थळजवळच्या त्या कोळीवाड्यातली दुपार काही केल्या विसरत नाही.

तेव्हा मी अलिबाग भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. समुद्र खवळलेला, बंदरावर धोक्याचा बावटा. मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनचा फोन आला.

"साहेब, लवकर या! आमची एक होडी बुडाली. मोबाईलवर फोटो आलाय. पोरं शोधायला निघालीत, कुणाचं ऐकत न्हाईत."

कोळीवाड्याची रीतच आहे ती. होडी संकटात असली की घरटी एक माणूस समुद्रात जातो, परवानगी-बिरवानगी कुणी विचारत नाही. रीत मोठी मायेची. पण त्या वाऱ्यात ती पोरं गेली असती तर किती परतली असती, देव जाणे.

तटरक्षक दलाला कळवलं, स्टेशन डायरीत नोंद केली आणि हवालदाराला घेऊन किनारा गाठला. होड्यांची इंजिनं सुरू झाली होती. फोटोत एक आडवी झालेली होडी, कडेला निळा पट्टा. गावची एक होडी अजून परतली नव्हती; तिलाही तसाच पट्टा, आणि तिचा वायरलेस सकाळपासून बंद. मग शंका कोण घेणार?

"तुला हा कुणी पाठवला?" फोटो दाखवणाऱ्या पहिल्या पोराला मी दरडावलं. त्यानं चुलत्याचं नाव सांगितलं, चुलत्यानं मावशीचं. असा माग काढत गेलो. मूळ फोटोवर कुठल्याच गावाचं नाव नव्हतं. ती होडी इथलीच ठरली होती एका रडक्या आवाजाच्या मेसेजमुळे, "बघा रे, ही माझे पोराची होडी!"

आवाज होता न परतलेल्या होडीच्या तांडेलाच्या, म्हणजे मुख्य खलाशाच्या आईचा. ती तिथंच वाळूत बसली होती. आता हिची काय उलटतपासणी करायची! मी तिच्याशेजारी बसलो.

"मावशी, कशावरून ओळखलीत?"

"निळा पट्टा हाय ना. माझे पोरानं रंगवलाय."

"चष्मा होता डोळ्यांवर?"

"कसला चष्मा, साहेब! पट्टा बघितला नि लगेच मेसेज केला."

हवालदारानं तिचा चष्मा मागवला, फोटो मोठा करून दाखवला. होडीच्या पुढच्या टोकावरची अक्षरं दक्षिणेकडच्या कुठल्यातरी भाषेतली होती. तिनं मोबाईल डोळ्यांजवळ धरला.

"ही आमची न्हाय. आमचे होडीवर बल्लाळेश्वराचं नाव हाय. मला वाचता न्हाय येत, पण रोज त्या अक्षरांच्या पाया पडते मी."

मी पोरांना ओरडून सांगितलं. कोण ऐकतंय! "आईनं ओळखलीय, तुम्ही कोण सांगणारे?" म्हणत तिचा धाकटा मुलगा होडीचा दोर सोडायला लागला.

तशी म्हातारी उठली, कमरेएवढ्या पाण्यात शिरली आणि तो दोर धरून उभी राहिली.

"मी चुकले रे! ती आपली होडी न्हाय. तो कुठं हाय मला ठावं न्हाय, पण त्याचे पाठी तुम्हा सगळ्यांना न्हाय जाऊ देयाची!"

स्वतःच्या पोराचा पत्ता नसताना ती हे म्हणत होती. एकेक इंजिन बंद झालं.

संध्याकाळी निरोप आला. वायरलेस बिघडल्यामुळे होडी रेवदंड्याच्या खाडीत आसऱ्याला थांबली होती, सगळे सुखरूप होते.

मी गुन्हा दाखल केला नाही. पुढं समाजमंदिरात लोकांना बसवून मेसेज कसा पारखायचा ते शिकवलं, फोटो मोठा करून बघायला लावलं. मावशी चष्मा लावून पहिल्या रांगेत. तोवर मी समजत होतो, अफवा म्हणजे खोडसाळ माणसांचं काम. पण जीव टांगणीला लागलेल्या आईकडूनही ती पसरते, आणि आईवर कोण अविश्वास दाखवणार? म्हणून मी सगळ्यांना सांगायचो, रडू फुटलं असेल तर आधी मोबाईल खाली ठेवा, जवळच्या माणसाला दाखवा, मग काय ते पुढं पाठवा.

त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. हवालदारानं रेवदंड्यातल्या एकाच्या मोबाईलवर तांडेलाला व्हिडिओ कॉल लावला. "मावशी, बघा, लेक दिसतोय!"

तिनं पडद्यावर हात ठेवला. "यात न्हाय बघायची मी. त्याला हितं आणा."

आमच्या जीपनं त्याला आणलं. तिनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपलं, कान, नाक, दाढीचे खुंट. आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "व्हय साहेब, हा माझाच."