मामांनी टांगलेलं आकाश

आकाश खालून रंगवायला निघालेला आणि त्यात बऱ्यापैकी यशस्वी झालेला माणूस पृथ्वीवर आजवर एकच झाला, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. वडशाच्या स्टेशनामागे त्यांचं कौलारू घर, आणि धंदा नाटकांचे पडदे रंगवण्याचा. धानाची कापणी आटोपली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावोगाव मांडव पडतात, माणसं सतरंज्या आणि घोंगड्या घेऊन येतात आणि उजाडेपर्यंत उठत नाहीत. ही हकीकत पन्नासच्या दशकातली. तेव्हा ब्रह्मपुरीपासून आरमोरीपर्यंत राजे ज्या राजवाड्यात मरत आणि नायिका ज्या जंगलात हरवत, ते राजवाडे आणि ती जंगलं बहुतेक मामांच्याच अंगणात वाळलेली असत.

साऱ्या जगाकडे मामा एक डोळा मिटून, पडदा म्हणूनच पाहत. वैनगंगेला पूर आला, लोक डोक्यावर भांडी घेऊन धावत होते, आणि मामा काठावर उभे राहून म्हणत होते, "खालच्या भागात गेरू जरा जास्त पडला." मला जावई म्हणून पाहायला आले तेव्हा माझं शिक्षण, पगार, काही विचारलं नाही. एक डोळा मिटला आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरगा चांगला आहे, पन मांगची भिंत लय फिकी आहे." लग्नाच्या आदल्या दिवशी रंगाचे डबे घेऊन आले आणि ती भिंत मोरपंखी करून गेले. आईनं पुढे वर्षभर त्यांचं नाव काढलं नाही. शिवाय त्यांच्या प्रत्येक पडद्यात कुठेतरी एक वाघ असे. जंगलात असे ते ठीक, पण एका सामाजिक नाटकात नागपूरच्या वकिलाच्या दिवाणखान्याच्या खिडकीतूनही वाघ डोकावत होता. नाटकाचा मालक भडकला. मामा शांतपणे म्हणाले, "नागपूरच्या लोकायले वाघ कुठी भेटते? तेवढाच बिचाऱ्यायच्या नशिबी."

अशा या माणसाला आयुष्यात एकाच गोष्टीची खंत होती. मामींना लहानपणापासून रातांधळेपणा. सूर्य बुडाला की त्या भिंतीला हात लावत चालायच्या. चंद्र त्यांना दिसे, गॅसबत्तीच्या उजेडातलं नाटक पुढे बसून दिसे, पण तारे त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. ताऱ्यांबद्दल त्यांच्या मनात थोडा संशयच होता. "तुमी सारे म्हणता म्हणून असतीन," असं त्या म्हणत, जणू आम्ही सगळ्यांनी मिळून काही बनाव रचला होता. यावर सारे हसत. मामा तेवढे हसत नसत.

मग एका वर्षी मामा कुणाच्या तरी लग्नाला पुण्याला गेले आणि तिथल्या एका शाळेत त्यांनी घुमटाखालचं आकाश पाहिलं. मधोमध एक यंत्र, दिवे मालवले की छतावर सगळं नक्षत्रमंडळ. मामा एक खेळ बसले, दुसरा बसले, तिसऱ्याला शिपायानं दंडाला धरून उठवलं. लग्नात जेवले की नाही, ते त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही. परत आले ते पिशवीसकट सरळ चुलीपाशी गेले आणि म्हणाले, "तुले तारे दाखवतो."

मामी म्हणाल्या, "पह्यले पाय धुवा."

मामींना पुण्याला नेणं अशक्य होतं. चाक फिरताना दिसलं तरी त्यांच्या पोटात ढवळे, आरमोरीची बैलगाडीसुद्धा त्यांनी अर्ध्या वाटेत सोडली होती. तेव्हा पुण्याचं आकाश वडशात आणायचं ठरलं. पहिला प्रयोग राइस मिलच्या गोदामात झाला. तेलाच्या डब्याला खिळ्यानं भोकं, आत कंदील, दारं बंद. छतावर फिकट ठिपके उमटले, आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. मामा मामींच्या तोंडाकडे पाहत होते. मामी बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "लावता का नाई अजून?"

त्या दिवशी मामा जेवले नाहीत. अंधारात ज्यांना दिसत नाही त्यांना अंधार करून दाखवायला निघालो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पुढचे काही दिवस ते नाटकाच्या रिकाम्या मांडवात दुपारभर उताणे पडून राहायचे. एकदा मामी डबा घेऊन गेल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "तुमच्या नाकावर काय चमकून राह्यलं?" मांडवाच्या कापडाला भोक होतं आणि उन्हाचा कवडसा मामांच्या नाकावर पडला होता. मामा ताडकन उठले, डबा लवंडला, आणि भाजीत पाय ठेवूनच त्यांनी जाहीर केलं की दिवा बदलला, आता सूर्य वापरायचा.

पुढचा महिना घरात वेड शिरलं होतं. ऐन हंगामाच्या तोंडावर मामांनी आपला सगळ्यात चांगला राजवाडा आणि दोन जंगलं एकमेकांना शिवून टाकली. "यंदा राजे काय आमच्या माजघरात मरतीन?" असं मामी रोज विचारत. काजळी आणि डिंक यांचे थरावर थर बसले. अंधार पडला की मामा छपरावर चढून पाटीवर तारे उतरवत, सकाळी ते खडूनं पडद्यावर मांडत, आणि मग मोठ्या ताऱ्याला मोठं, लहान ताऱ्याला लहान भोक पाडत. मांडवाचं वरचं कापड काढलं, कारण त्या जागी हा पडदा ताणायचा होता, आणि मिलवाल्यानं मांडवाच्या बाजू झाकायला पोती दिली. जावई म्हणून मला मानाचं काम मिळालं. मुख्य दोर मी धरायचा.

बातमी फुटली आणि पौषातल्या एका भर दुपारी पंचक्रोशी लोटली. झाडीपट्टीचा माणूस मांडवात येतो तो रात्रभराच्या तयारीनं, त्यामुळे लोक कडक उन्हात घोंगड्या पांघरून, शिदोऱ्या बांधून आले. पेटीवाल्यानं नांदी झाल्याशिवाय आकाश उघडू देणार नाही असा हट्ट धरला. नांदी झाली. मामी पुढच्या सतरंजीवर. मी दोर ओढला, पडदा वर सरकला, बाजूंची पोती खाली सोडून उजेड बंद केला, आणि आमच्या डोक्यावर लखलखीत तारे उघडले. मामांनी लांब बांबू उचलला आणि खास नाटकी आवाजात म्हणाले, "ही पाहा तिफण, जिले शहरात मृग म्हणते."

आरमोरीकडचा एक म्हातारा शेतकरी मागून म्हणाला, "भाऊ, तुमची तिफण उलटी चालून राह्यली."

"आन खाटल्याचे चोर बी," दुसरा म्हणाला. सप्तर्षींना आमच्याकडे खाटलं म्हणतात. चार खूर, आणि ते खाटलं चोरायला आलेले तीन चोर. ते चोर भलत्याच बाजूनं आले होते. झालं होतं असं की काजळी लोकांच्या अंगावर गळू नये म्हणून मामांनी रंगवलेली बाजू वर केली होती, आणि आख्खं आकाश आरशातल्यासारखं उलटं झालं होतं.

"अशी तिफण चालली तं धान मांगच्या वर्षी उगवन," म्हातारा म्हणाला आणि मांडवात एकच हशा पिकला. मामांच्या हातातला बांबू खाली आला. पडदे गेले, महिना गेला, आणि जिच्यासाठी हे केलं तिच्यासमोर गाव हसत होतं. ते माझ्याकडे वळले. "जवाईबापू, सोडा दोर. सुलट करून मंग दाखवू."

"कोनी हात लावू नका," मामी म्हणाल्या.

त्यांची मान वर होती, पदर खांद्यावरून घसरला होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. भोकांतून उतरलेले कवडसे त्यांच्या लुगड्यावर, हातांवर पडले होते. एक त्यांनी हळूच झटकून पाहिला, गेला नाही.

"हे सारं रोज असते?" त्यांनी विचारलं.

"रोज," मामा म्हणाले.

"आन तुमी सारे खुशाल झोपून राह्यता?"

आरमोरीच्या म्हाताऱ्यानं डोक्यावरची घोंगडी काढली आणि तोही वर पाहू लागला. मामांनी बांबू पुन्हा उचलला. मग ऊन कलेपर्यंत त्यांनी मामींना सारं आकाश दाखवलं, अगदी हळू आवाजात, आणि उलटंच.

पडदा उतरला, त्या वर्षी राजे माजघरातल्या चादरीपुढेच मेले. मामांनी आकाश सुलट करायचा विषय पुन्हा काढला नाही. आम्ही वडशाला गेलो की जेवणं झाल्यावर अंगणात बाज पडायची. मामी अंधारात हात वर करून माझ्या बायकोला सांगायच्या, "ते पाह्य खाटलं. आन चोर या अंगानं." चोर त्या अंगाला कधीच नसत.

"बरोबर," मामा म्हणत.

पहिल्यांदा मी तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी अंधारात माझ्या पायावर पाय ठेवला. मी म्हणालो, "बरोबर, मामी."

आता ते दोघंही नाहीत. नक्षत्रं मला पुस्तकातून चांगली पाठ आहेत. तरी अंगणात निजलो की चोरांना मी आधी मामींच्याच बाजूला शोधतो, आणि ते तिथे नसले की थोडा वेळ वाट पाहतो.