मावशींच्या चपला

मावशी चपला उशाखाली घेऊन झोपायच्या. स्वच्छ धुतलेल्या, पिशवीत गुंडाळलेल्या, पण उशाखालीच. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "मावशी, दाराबाहेर रॅक आहे की." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू चोर मीच. "रस्त्यावर आधी चपला जातात, मग बाकीचं," त्या म्हणाल्या. "आपण राहिलाय कधी रस्त्यावर? नाही ना? मग झोपा आता."

मंडईच्या आडोशाला त्यांनी कितीतरी वर्षं काढली होती. कानात कुणीतरी बोलायचं. घरच्यांनी आधी अंगारेधुपारे केले आणि मग दार लावून घेतलं. उपचार होऊन बऱ्या झाल्या तेव्हा परत जायला ठिकाण नव्हतं. अशा बायकांसाठी आमच्या संस्थेनं विश्रांतवाडीत एक फ्लॅट भाड्यानं घेतला होता. मी तिथंच राहून घर सांभाळायची.

सांभाळायची म्हणजे मावशींची बोलणी खायची. मी आणलेली भाजी बघून त्या विचारायच्या, "विकत आणलीत की उचलून?" गोळी गिळली की न सांगता आ करायच्या आणि म्हणायच्या, "बघून घ्या. पावती देऊ?" कानातला माणूस अधूनमधून परत यायचाच. त्यालाही सोडायच्या नाहीत. "आपलं झालं असेल तर मला मेथी निवडू द्या," असं त्याला ठणकावून पुन्हा जुडीकडे वळायच्या. आम्ही सगळ्या हसायचो, त्या मात्र नाही.

दिवाळीच्या आधी साफसफाई करताना मी रॅक पुसायला गेले, तर खालच्या कप्प्यात मावशींच्या चपला. मी स्वयंपाकघरात गेले आणि पदरानं डोळे पुसले. त्या दिवशी मला वाटलं, आपण जिंकलो.

मग सोसायटीचे चेअरमन आले. माणूस सभ्य, आवाज मऊ. "आमचा विरोध नाही हो, पण इथं लहान मुलं आहेत," ते म्हणाले. मावशी चहा घेऊन आल्या होत्या. "आम्हालाही होती," एवढं बोलून त्यांनी कप समोर ठेवला आणि आत गेल्या. चेअरमननी मान खाली घातली, चहा मात्र पूर्ण प्यायले. पुढे घरमालकांनी करार वाढवला नाही. त्या मऊ आवाजाचा मला आजही संताप येतो.

निरोप कळला त्या संध्याकाळी रॅकचा खालचा कप्पा रिकामा होता.

नवं घर हिंजवडीच्या पलीकडे मिळालं. समोरून दिवसभर कंपन्यांच्या बसेस जायच्या. तिथंही दाराबाहेर रॅक आहे, पण मावशींनी बोचकं सोडलंच नाही. गोळ्या घ्यायच्या, पण पावतीचं विचारणं बंद झालं. भाजी कशीही आणली तरी गप्प. त्यांनी एकदा तरी मला टोचून बोलावं म्हणून मी मुद्दाम किडकी वांगी आणली. त्यांनी ती निमूटपणे चिरली.

थंडीत त्यांना ताप भरला, छाती भरून आली. दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलावली. मावशी अनवाणीच खाली आल्या. चपला आणायला मी परत वर धावले, उशी उचलली, खाली काहीच नाही. घाबरून खाली आले, तर धापा टाकत त्या म्हणाल्या, "शोधताय काय? रॅकवर आहेत. राहू द्यात तिथंच. परत यायचंय ना मला."

त्या परत आल्या नाहीत.

परवा एक नवी बाई आली. पहिल्याच रात्री चपला छातीशी धरून झोपली. दाराबाहेर रॅक आहे, हे मी तिला सांगितलं नाही. तिथं खालच्या कप्प्यात मावशींच्या चपला आहेत. त्या जरा सरकवून मी शेजारी एका जोडापुरती जागा करून ठेवली आहे.