कोरी बरणी

प्रयोगशाळेत तिला सगळे दगडूताई म्हणत, आणि ती चिडायची म्हणून मुद्दाम जास्तच म्हणत. लाव्हा पाण्यात पडून झटकन थिजला की त्याची काळी काच होते. जुन्या काचेत केसाहून बारीक बोगदे सापडतात. ते सूक्ष्मजीवांनी कुरतडलेत, असं दगडूताईचं म्हणणं. ते सिद्ध झालं असतं, तर उद्या परग्रहावरच्या दगडात असे बोगदे दिसल्यावर तिथेही कधीतरी जीव होता, असं म्हणायला आधार मिळाला असता. पण विभागप्रमुख बाईंचं एकच टुमणं: नुसत्या पाण्यानेही काच झिजते, तुमचे जंतूच कशावरून?

म्हणून तिने दोन बरण्या लावल्या. दोन्हींत तीच काच, तेच खारं पाणी. एकीत सूक्ष्मजीव सोडले. दुसरी उकळून घट्ट बंद केली, ती कोरी. कोरीतली काच गुळगुळीत राहिली की बाईंचं तोंड बंद. एवढ्या एका गोष्टीपायी वर्षं गेली, बढती हुकली, सख्ख्या भाचीच्या लग्नात ती जेवायलासुद्धा थांबली नाही. नवरा म्हणायचा, एवढे लाड माझे झाले असते तर मी चार वर्षांनी तरुण दिसलो असतो.

परवा तिने काच कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पहिलीत खळगे होते, बोगद्यांची सुरुवात, हवे तसे. कोरीतही होते. अगदी तसेच! मग तिने सजीवाला चिकटला की हिरवा चमकतो तो रंग टाकला. कोरीतल्या खळग्यांच्या तळाशी हिरवे ठिपके. म्हणजे कुरतडणारे जंतूच होते की! पण कोऱ्या बरणीत ते आले कुठून?

उत्तर तिला ठाऊक होतं, म्हणून तर संताप आवरेना. बरणी कोरीच आहे ना, या धास्तीने ती अधूनमधून झाकण उघडून थेंबभर पाणी तपासायची. हातमोजे घालून, श्वास रोखून. तान्ह्या पोराला कुणी इतकं जपत नाही, आणि त्या जपण्यानेच घात केला.

बाईंना तिने सगळं सांगितलं. बाई ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, दोन्हीकडे जीव म्हणजे तुलनाच उरली नाही, पुन्हा लावा.

घरी येऊन तिने पर्स आपटली.

"सगळं जग आकाशात जीव शोधत हिंडतंय," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि मला एका बरणीबाहेर त्याला ठेवता आलं नाही. आता लावलेली बरणी तयार होईल तेव्हा मी निवृत्त झालेले असेन. ती दुसरंच कुणीतरी उघडेल."

नवऱ्याने जरा विचार केला. "बरंच आहे," तो म्हणाला. "मधेमधे तू तरी उघडणार नाहीस."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने उठून भांडी घासायला लागला.