बाबारावांच्या इंग्रजीचा नमुना

कागद दिवाकरनं स्वतःच्या हातानं बाबारावांच्या डब्याच्या पिशवीत घातला. वर बजावलंही, "काका, जेवणाच्या सुट्टीत स्टोअरच्या गणपतरावांकडून एवढे शब्द वाचून घ्या. ते कसे म्हणतात तिकडे नीट कान द्या, संध्याकाळी मला सांगा."

शब्द होते ब्रिज, शेल, सिग्नल, लॉरी, गिअर. प्रत्येकाखाली उच्चाराच्या खुणा : उलटी अक्षरं, शेपटीवाली अक्षरं, मधेच दोन टिंबं. साल एकाहत्तर, महिना डिसेंबर. घमापूर मोहल्ल्यात खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले होते, आणि बाबाराव सायकलवरून निघाले होते तोफांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. एम.ए. इंग्रजीच्या विद्यार्थ्याला एवढं तरी सुचावं! नाही सुचलं.

विद्यापीठात त्या वर्षी भाषाविज्ञानाचा नवा पेपर आला होता. विभावरी मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलं, "चूक-बरोबर ठरवायची घाई नको. आधी माणूस बोलतो कसा ते ऐका." कामापुरती इंग्रजी बोलणारी दोन माणसं गाठायची आणि त्यांचं बोलणं ध्वनिखुणांत उतरवायचं, असा गृहपाठ होता. बाकीची मुलं वकील, डॉक्टर, रेल्वेतले गार्ड शोधत फिरली. दिवाकर वरुडच्या मराठी शाळेतला. इंग्रजी बोलणारा माणूस समोरून आला की तो रस्ता ओलांडायचा. त्याला आपले घरमालक बाबारावच बरे वाटले; दुसरे त्यांच्याच कारखान्यातले गणपतराव.

बाबाराव बेचाळीस साली, सतराव्या वर्षी, फिटरच्या हाताखाली लागले. गोऱ्या फोरमनच्या शिव्या ऐकत ऐकत इंग्रजी शिकले. अक्षर एक वाचता येत नव्हतं, पण परदेशी मशीन बिघडलं की बाहेरून आलेल्या इंजिनियरशी तेच बोलत. घरी मात्र इंग्रजीचा शब्द नाही. कारखान्याच्या बुटांसारखी ती दाराबाहेरच काढून ठेवत. दिवाकरसाठी म्हणून चार संध्याकाळी अंगणात खाटेवर बसून बोलले, तेही सत्यवतीकाकू नळावर गेल्यावर. ते सगळं बोलणं त्याच कागदाच्या मागच्या बाजूला उतरवलेलं होतं.

दहा वाजता गणपतराव धापा टाकत घरी आले. "दिवाकर, बाबारावले गेटावर बसवून ठेवलं! दरबानाले पिशवीत कागद सापडला. साहेब म्हणून राहिले, हा गुप्त कोड आहे, कोणी लिहिला सांग. अन् हा बाबा नाव घेत नाही! म्हणते, परक्या गावचं पोरगं आहे, पोलिसात नाव गेलं तर नोकरी लागन का त्याले?"

"मग?"

"मग काय मग! एकोणतीस वर्षांची नोकरी चालली त्याची. तू काहून उभा आहेस?"

दिवाकर उभाच होता. गणपतराव गेल्यावर त्यानं आधी उरलेले कागद गव्हाच्या पिंपात लपवले. मग हात धुतले. मग शर्ट बदलला. काकू दारात येऊन नुसत्या बघत राहिल्या तेव्हा कुठे तो निघाला. बारा वाजले होते.

गेटाच्या खोलीत बाबाराव बाकाच्या टोकाला बसले होते, डबा मांडीवर, न उघडलेला. सुरक्षेच्या साहेबानं इंग्रजीत विचारलं, हे तू लिहिलंस? दिवाकरचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. शेवटी बाबारावच उठले आणि फोरमनला सांगावं तसं साहेबाला ठणठणीत इंग्रजीत सांगितलं, की पोरगं शिकतं, मी बोलतो, ते लिहितं, यात लपवण्यासारखं काही नाही.

"पढ़ के बताओ," साहेब म्हणाला.

दिवाकरनं मागची बाजू वाचली. त्या उलट्यासुलट्या खुणांतून बाबारावांचाच आवाज निघू लागला. तोच झटका, तेच अडखळणं. दरबान तोंडावर हात ठेवून हसला. साहेबही हसला. मग त्याची नजर वरच्या कोपऱ्यातल्या बारीक ओळीवर गेली. ती साध्या इंग्रजीत होती. त्यानं सहज हिंदी करून सगळ्यांना ऐकवली, "अनपढ़ मज़दूर की ग़लत अंग्रेज़ी का नमूना. अच्छा! तो ये आप हैं, बाबाराव जी?"

बाबाराव डब्याचं कडं उगाच दाबत राहिले. दिवाकरला वाटलं, यापेक्षा हेर ठरून आत गेलो असतो तर बरं.

ताकीद देऊन सोडलं. त्या दिवसाची हजेरी गेली. कागद साहेबानं फायलीत ठेवून घेतला. सायकल हातात धरून दोघं घमापुरापर्यंत चालत आले. दिवाकर माफीचं वाक्य जुळवत होता, पहिलाच शब्द सापडेना.

वळणावर बाबाराव म्हणाले, "मास्तर, हुबेहूब वाचलं बे तू. मले माहीतच नव्हतं मी असा बोलतो म्हणून." सायकल दुसऱ्या हातात घेत, "तुझ्या काकूनं माही इंग्रजी कधी आयकली नाही. मले तर लाज वाटते तिच्यासमोर. तूच एक डाव वाचून दाखवशीन तिले? वरची ओळ सोडून."

"उद्याच पुन्हा लिहितो, काका."

पुन्हा लिहिलेला गृहपाठ विभावरी मॅडमकडे गेला, आणि भाषाविज्ञानाच्या पेपरात त्याला वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले. उन्हाळ्यात बैतूलच्या कॉलेजात नोकरी लागली, तेव्हा बाबारावांनीच ट्रंक सायकलला बांधून स्टेशनावर आणली. काकूंनी दशम्या दिल्या आणि विचारलं, "ते वाचून दाखवणार होते म्हणे तुम्ही, कवा?"

"पत्रानं पाठवतो," दिवाकर म्हणाला. काकूंना वाचता येत नव्हतं, हे त्याला इटारसीच्या पुढे आठवलं.